नारिंगी बाटली

टॉर्किल बोटीतून उतरला तो थेट इस्पितळात धावला. या वर्षातली ही त्याची चौथी खेप.

अकरा वर्षांची एली उशीला टेकून बसली होती. ओठ अजून निळसर, श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. बापाला पाहताच तिनं तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

"आलास, बाबा?"

"आलो ना! मास्क लाव आधी."

एलीच्या आईपासून, मरेडपासून, तो वेगळा झाला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो समुद्रापलीकडे, मासे वाढवायच्या तळ्यांवर कामाला होता. लेकीची आठवण काढत तो दर महिन्याला बेटावर यायचं ठरवी. मग मरेडचा नवा नवरा डोळ्यांपुढं येई आणि तिकीट काढायचं राहून जाई. दम्याचा फोन आला की मात्र तो मागंपुढं पाहत नसे. चार-चार दिवस एलीच्या उशाशी बसे, तिच्याकडून पत्त्यांत मुद्दाम हरे.

"या वेळी कारण सापडलंय," पलंगापलीकडे उभी असलेली मरेड म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एक रिकामी बाटली पुढं केली. नारिंगी कोल्ड्रिंकची.

"यातला पिवळा रंग. बाटलीवर ई एकशे दोन म्हणून लिहितात तो. बहुतेकांना काही होत नाही, पण काही दमेकऱ्यांना तो सोसत नाही. तुमच्या मुलीला तर मुळीच नाही. पुढचा झटका जिवावर बेतेल."

"आणि शाळा सुटली की बाटलीला पैसे मीच द्यायची!" मरेडला रडू फुटलं. टॉर्किलनं नकळत तिच्या पाठीवर हात ठेवला.

दोघी बाहेर गेल्यावर तो एलीजवळ बसला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"सुटलीस गं बाई! आता धाप नाही, सुया नाहीत, इस्पितळ नाही."

"मग तू कधी येणार?"

"येईन की. हंगाम संपू दे, मग बघू."

एली खिडकीबाहेर बघत राहिली. खाली धक्क्यावर परतीची बोट उभी होती.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "कुठलीही बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचायची. ई एकशे दोन लिहिलं असेल तर..."

"ठाऊक आहे, बाबा," एली म्हणाली. "ते लिहिलं असेल तरच घेते मी."