रकाना नसलेला शब्द

तपासणीला आलेल्या मॅडमनी घराच्या चित्रावर बोट ठेवून पाच वर्षांच्या सुगंतीला विचारलं, "हे काय आहे?"

"उरा," सुगंती हसत म्हणाली.

"नीट बघून सांग."

सुगंतीने अंगणवाडीच्या वनमालाबाईंकडे पाहिलं. महिनाभर त्यांनी तिच्याकडून पाटीवर 'घ' गिरवून घेतला होता.

"तुम्ही सांगू नका, बाई," मॅडम म्हणाल्या.

आपलं ऐकूच गेलं नाही, असं सुगंतीला वाटलं असावं. ती मोठ्याने म्हणाली, "उरा."

मॅडमनी कागदावर फुली मारली.

"मॅडम, कोरकूत घराला उराच म्हणतात," वनमालाबाई घाईने म्हणाल्या. "तिला चित्र बरोबर कळलंय."

"असेल हो. पण इथे मराठीचाच रकाना आहे. मी तरी काय करू?" त्यांनी कागद पुढे सरकवला. वनमालाबाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून सुगंतीने अंगणवाडीत तोंड उघडलं नाही. चित्र दाखवलं की ती मान खाली घालायची. बाईंनी लाडीगोडी लावली, मोडक्यातोडक्या कोरकूत विचारून पाहिलं. उपयोग झाला नाही.

आठवड्याने त्या तिच्या घरी गेल्या आणि कुडाबाहेरच थबकल्या. आत सुगंती धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन चूल, कोंबडी, सूप, एकेक दाखवत कोरकूत अखंड बडबडत होती. बहीणही बोबडं बोलत होती. बाई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.

मग सुगंतीला त्या दिसल्या. ती गप्प झाली आणि तिने बहिणीच्या तोंडावर हात ठेवला.