माहेरवाशिणीचा मान

सुकन्या धापा टाकत देवळाच्या पायऱ्या चढली आणि तेवढ्यात बिरोबाच्या डाव्या खांद्यावरची पाकळी सुटून खाली पडली. उजव्या खांद्यावरची जागची हलली नाही.

"डावा कौल," पुजारी सिद्धाप्पा म्हणाला. "देव नगं म्हंतोय. आता पुढच्या आमुशापतुर परत इचारायचं न्हाय."

तिच्या भावानं, अजिनाथनं, हात जोडून मान खाली घातली. दाराशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, दिपालीनं, मांडीवरची दवाखान्याची फाईल पदराखाली घेतली. बत्तीस वर्षांची बाई. छातीत लिंबाएवढी गाठ. ती कसली आहे ते फाईलीत स्वच्छ लिहिलेलं, आणि उद्या सोमवारी सकाळी सोलापुरात ऑपरेशन. ते होणार की नाही हे ठरवलं कुणी, तर झेंडूच्या ओल्या पाकळीनं!

सुकन्या सोलापुरात नर्स. कौलाआधी देवाला आंघोळ घालायचा मान या घरात माहेरवाशिणीचा, आणि कौल झाल्यावर गाभारा झाडून पुसून घ्यायचं काम सुनेचं. काल दिपालीनं तीनदा फोन केला होता. "वन्सं, आठच्या आत या. आंगूळ तुमीच घाला." बिचारी घाबरली असेल, असं वाटून सुकन्या "येते गं बाई, येते" म्हणाली होती. आणि आज वडापची जीप बेगमपूरच्या अलीकडं पंक्चर झाली. तिची वाट बघून सिद्धाप्पानंच आंघोळ उरकून घेतली होती. तिच्या पर्समधली छोटी डबी पर्समध्येच राहिली.

"आये, हा कौल खोटा आहे," ती म्हणाली.

"तोंड सांभाळ," तिची आई अंबुबाई म्हणाली. "देवाच्या दारात हायस."

"गेल्या वर्षीचाही खोटाच होता. तुझ्या पिशवीच्या ऑपरेशनला उजवा कौल मिळाला ना? तो देवानं नाही दिला, मी दिला. आंघोळ घालताना डाव्या खांद्यावर कणकेची खळ लावून ठेवली होती. डावी पाकळी चिकटून बसली, मग उजवीच पडणार की!" तिनं डबी काढून आईच्या हातावर ठेवली. "हे बघ. आजपण आणली होती."

सिद्धाप्पाचा चेहरा पडला. अजिनाथनं डबीकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. सुकन्याला वाटलं, झालं, सुटलो.

अंबुबाईनं डबीचं झाकण उघडून वास घेतला आणि हसलीच. रागावली असती तर परवडलं असतं.

"मग ही बुद्धी तुला कुनी दिली गं? त्यानंच की. त्याला मला जगवायचं हुतं, म्हनून तुज्या हातनं करून घेतलं."

"आणि आज गाडी पंक्चर झाली ती?"

"ती बी त्यानंच केली. त्याच्या मनात न्हवतं, म्हनून तुला वाटंतच अडवली. लई मोठा हाय त्यो."

आता काय बोलायचं, कपाळ? लबाडी तिनं केली, कबूलही तिनंच केली, आणि देव मात्र होता त्याहून हातभर मोठा झाला! सुकन्याच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

"अगं, मग तुझा देव खोटा ठरायचा तरी कशानं?"

"त्यो का खोटा ठरंल? मी जिती हाय की तुज्याम्होरं."

सुकन्या भावाकडं वळली. "दादा, तू तरी बोल. बारावी सायन्स झालेला माणूस तू. महिनाभर ही गाठ गप बसणार आहे का?"

अजिनाथ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. "कौल मोडून नेली आन टेबलावर काय बरंवाईट झालं, तर पोरांना काय सांगू?"

"आणि नेलीच नाही, तर काय सांगशील?"

त्यानं चपला पायात सरकवल्या. "आमुशाला बघू," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मागोमाग अंबुबाई उतरली. डबी तिनं देवापुढच्या नारळाशेजारी ठेवून दिली होती.

"वहिनी, तू माझ्याबरोबर चल. सगळी कागदपत्रं मी बघते."

दिपालीनं पायऱ्यांकडं बघितलं. खाली अजिनाथ गाडीला किक मारत होता. धाकटी पोरगी पुढं टाकीवर बसली होती. "परत आल्यावर घरात घेतील का मला?" ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता दिपाली उठली. फाईल उंबऱ्यावर ठेवून तिनं पदर खोचला, बादलीतला फडका पिळला आणि गाभाऱ्यात शिरली. खाली पडलेली पाकळी तिनं उचलली, उजव्या खांद्यावरची काढली. मग देवाचा डावा खांदा पुसायला लागली. तिथं पुसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी पुसत राहिली.

"मागल्या साली हितली खळ म्याच खरवडून काडली, वन्सं," ती मागं न बघता म्हणाली. "कुनाला बोलले न्हाय."

सुकन्या उंबऱ्यातच थांबली.

"आज जरा येळंत यायचं हुतं की."