हुमाने बसवलेला नाच

धुळ्याची संघमित्रा ऑनलाइन नाच शिकवायची. "हात असा घ्या," ती म्हणाली, तसा मुलींनी घेतला. वरणगावची हुमा जन्मापासून अंध होती; ती तशीच उभी राहिली. "ताई, असा म्हणजे कसा?" संघमित्राने कोन सांगितले, दिशा सांगितल्या, पण हुमाचा हात ताठच राहिला. "राहू द्या ताई, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो," हुमा म्हणाली. "उद्यापासून मी येत नाही." "थांब," संघमित्रा म्हणाली. "घरी भाकरी टाकतेस ना?" "हो, रोज." "तव्यावर टाकताना हात वळतो, तसाच वळव." हुमाचा हात अलगद वळला. त्यानंतर संघमित्रा प्रत्येक हालचालीसाठी असेच घरचे शब्द शोधायची. वर्षभरात हुमाने स्वतःच एक नाच बसवला; ती सांगत गेली, मुली नाचत गेल्या. शेवटी ती म्हणाली, "ताई, आता माझा नाच मला दाखवा." कुणाचा हात कसा वळतोय, पाऊल कुठे पडतंय, ते संघमित्रा पहिल्या मुलीपासून सावकाश सांगू लागली.