मिरचीच्या गोदामातली थंडी

"अण्णा, हाकलेन्री बागिला?" जाड दाराच्या कडीला हात घालत मंजुनाथने कानडीत विचारलं.

"लाव, लाव दार. आणि मी हाक मारल्याशिवाय उघडू नकोस," प्रभंजन ऐटीत म्हणाला.

गोकुळ रोडवरच्या त्या शीतगृहात मिरचीची पोती छतापर्यंत रचलेली होती. मंजुनाथ तिथला मॅनेजर आणि प्रभंजनचा शाळेपासूनचा दोस्त. पुढच्या महिन्यात प्रभंजन आणि त्याची बायको दीपश्री हिमाचलात, बर्फात तंबू ठोकून राहणार होते. बर्फ बघायचा हट्ट दीपश्रीचा, पण तयारीची सूत्रं प्रभंजनच्या हाती. स्लीपिंग बॅगेवर छापलेल्या तापमानाच्या आकड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. हुबळीच्या उकाड्यात त्या पारखायच्या तरी कशा? म्हणून दोघांनी शीतगृहात झोपून बघायची अक्कल त्याने लढवली होती, आणि घराजवळ केशवापुरात भेटेल त्याला तो ती ऐकवत सुटला होता.

बॅगा दोन होत्या. एक नवी, बदकाच्या पिसांची, टम्म फुगलेली, ती प्रभंजनची. दुसरी भाच्याने उन्हाळी शिबिरात वापरलेली, पातळ, ती दीपश्रीची. बायकांना ऊब जास्त लागते, असं दुकानदाराने सांगून पाहिलं होतं. प्रभंजन त्याला हसला होता. "आमच्या हिला थंडी वाजतच नाही हो!" घरात सगळे हेच म्हणायचे. त्याला तर बायकोचा त्याबद्दल अभिमानच होता.

दार लागलं. मिरचीच्या तिखट वासाने आतल्या दोघांना आधी शिंका आल्या, मग हसू. प्रभंजन बॅगेत शिरला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ऊब अंगात मुरताच चक्क घोरायला लागला.

जाग आली ती कसल्याशा बारीक आवाजाने. थंडीचं यंत्र असेल, असं त्याला वाटलं. मग कळलं, शेजारी दीपश्रीचे दात वाजत होते.

तो धडपडत बाहेर आला. घाईघाईने तिची चेन उघडली. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ निळे पडलेले, हात गारठलेले.

"अगं, मला उठवायचं नाही?"

"तुम्हाला झोप लागली होती."

त्याने मंजुनाथला हाका मारून दार उघडायला लावलं. बाहेर रणरणतं ऊन होतं.

"काय वैनी, कशी आहे बॅग?" मंजुनाथने हसत विचारलं.

"छान. उबदार आहे," दीपश्री म्हणाली आणि थरथरणारे हात तिने पदराखाली घेतले.

प्रभंजन मेल्याहून मेल्यासारखा झाला. ती खोटं बोलली होती, आणि ते केवळ त्याची लाज राखायला. मंजुनाथ आत गेल्यावर त्याने स्वतःची बॅग तिच्या खांद्यांभोवती लपेटली. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"पण दीपा," तो कसाबसा म्हणाला, "तुला तर थंडी वाजत नाही ना?"

"लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तुम्ही विचारलं होतंत, रजई हवी का म्हणून. मी लाजून नको म्हटलं," ती म्हणाली. "पुन्हा कधी विचारलंच नाहीत."