जगबुडी आणि एक दुभती गाय

सुंदररावांनी गायीचं दावं सोडलं, तेव्हा चर्चचे पाळक मोहनराव छावणीच्या फाटकातून आत येत होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर समजावून समजावून त्यांचा घसा बसला होता. मंडळीतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि ऐकलं नाही ते नेमकं मंडळीचे पंच असलेल्या सुंदररावांनी.

ही चारा छावणी केजजवळच्या एका दूध सोसायटीनं उघडली होती. गावात काडी उरली नव्हती, म्हणून माणसं गुराढोरांसकट इथं राहायला आली होती. सोसायटीचा नियम कडक होता. जनावर एकदा फाटकाबाहेर गेलं की त्याची जागा दुसऱ्याची. फाटकाबाहेर एक म्हैस मालकासह उभीच होती.

"नेता का ठेवता ते सांगा एकदाचं," छावणी सांभाळणारा जालिंदर म्हणाला. "ती म्हैस दुपारधरनं ताटकळलीय."

"सलाम पाळकसाहेब," सुंदरराव बाजारला निघाल्यासारखे शांत होते. "आज शेवटचा दिस. दाव्याला जनावर आसंल तर प्रभू बाकीच्यांना वर नेईल आन् मी मागं ऱ्हाईन. पत्रकात लिवलंय."

ते पत्रक मोहनरावांना आता तोंडपाठ झालं होतं. कुठून तरी आलेल्या एका प्रचारकानं ते एसटी स्टँडवर वाटलं होतं. शुक्रवारी रात्री जग संपणार, विश्वासणाऱ्यानं त्याआधी सगळं बांधलेलं मोकळं करावं. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. त्याच्यापुढं पाळकाच्या बसलेल्या घशाला कोण विचारतो!

सुंदररावांची बायको केशरबाई रिकाम्या खुंट्याजवळ बसली होती. "उद्या जग ऱ्हायलं तर हिला काय घालू, तेवढं इचारा यांना," ती म्हणाली. "माती घालू का? डोळ्यांम्होरं मरंल ती."

"सुंदरराव, तो दिवस कुणालाच कळणार नाही असं खुद्द प्रभूनं सांगितलंय. मग त्या प्रचारकाला कसा कळला?"

"आन् तुमचं का म्हनून ऐकू?" सुंदररावांनी पाळकांच्या खांद्यावरच्या पिशवीकडं बोट केलं. "तुमी जादूटोण्याची पुस्तकं वाचता. त्यात उडता राक्षस हाय. म्या बघितलंय चित्र."

पिशवीत एक जाडजूड कादंबरी होती. उडते राक्षस, बोलणारी झाडं, बर्फात हरवलेलं राज्य. प्रवचन तयार झालं की मोहनराव रोज थोडी वाचायचे आणि त्यात त्यांना मनापासून आनंद व्हायचा. शेवटची थोडी पानं उरली होती.

"राक्षस तुमच्या पत्रकातही आहे की. तोही उडतो."

"त्यो खरा हाय."

मोहनरावांना हसावं की रडावं कळेना. "अहो, माझा खोटा आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर मजा येते. त्याच्या भीतीनं मी कुणाची गाय सोडत नाही. गोष्ट गोष्टीसारखी वाचावी, त्यात पाप कसलं?"

"पाप हायच," सुंदरराव म्हणाले आणि गायीला हाकलू लागले.

गाय काही हलेना. पुढ्यात ओली वैरण होती, तिला जगबुडीशी देणंघेणं नव्हतं. जालिंदरनं फाटक उघडलं. म्हैसवाल्यानं आत शिरायला दोरी आखडून धरली.

मोहनराव चिडले. असे चिडले की उपदेश करायची इच्छाच मेली. "काय केलं म्हणजे ही गाय बांधाल?" त्यांनी सरळ विचारलं.

सुंदरराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "तुमी ते पुस्तक माझ्या हवाली करा. पाळकाला सैतानाच्या तावडीतनं सोडवलं म्हंजे माझ्या खात्यावर लई मोठं पुण्य जमा हुतंय. मंग एक गाय बांधलेली आसली तरी चालंल."

या हिशोबातल्या एकेका शब्दावर रविवारची उपासना खर्ची पडली असती. मोहनरावांनी गायीकडं पाहिलं, केशरबाईकडं पाहिलं, आणि पुस्तक काढून दिलं. गाय पुन्हा खुंट्याला आली.

शनिवारी सूर्य उगवला. छावणीत टँकरपुढं भांडणं जुंपली होती आणि सोसायटीचा माणूस दुधाचे कॅन गाडीत चढवत होता. मोहनराव लवकरच आले. आज तरी हा माणूस ओशाळेल, एवढी एक माफक अपेक्षा घेऊन ते आले होते.

सुंदरराव गायीची धार काढून नुकतेच उठले होते. "तारीख चुकली पाळकसाहेब," ते म्हणाले. "त्या प्रचारकाला फोन लावलता. आता गुड फ्रायडेला हाय. नक्की."

मोहनराव चुलीजवळ खाली बसले.

"बसा, च्या घ्या. तुमच्या राक्षसावरच उकळलाय." सुंदरराव प्रेमानं म्हणाले आणि बादली घेऊन कॅनकडं गेले.

दगडांच्या चुलीत जळलेल्या पानांच्या राखेचे पापुद्रे थरथरत होते. राज्य सापडलं की नाही, हे आता मोहनरावांना कधीच कळणार नव्हतं. जीव हळहळला. चहा मात्र ताज्या दुधाचा होता, दाट आणि गोड.

केशरबाईनं नवरा लांब गेल्याची खात्री केली, गायीच्या दाव्याची गाठ चाचपली, मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पाळकसाहेब, तसली पुस्तकं आजून किती हायत तुमच्याकडं?"