कंबर जरा सैल कर

नवऱ्याला मधुमेह निघाला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बायकोनेही त्याच्या सोबतीला गोड सोडलं. दुपार झाली की तिचं डोकं ठणकायचं, गिऱ्हाइकांवर ती उगाच खेकसायची. नवरा हसून म्हणायचा, "अगं, माझ्याकडे बघ. आहे का काही चिडचिड?" इतकं पथ्य पाळूनही हा माणूस शांत राहतो तरी कसा, याचं तिला मनापासून कौतुक वाटायचं.

आज त्याने आपली पँट तिच्या मशीनवर ठेवली. "कंबर जरा सैल कर. धुऊन आटलीय बहुतेक."

तिने पँट उलटी केली, तर खिशात तिच्याच आवडीच्या क्रीम बिस्किटांचा चुरा आणि त्याला लागलेल्या मुंग्या.

 

तिने कंबरेला हातही लावला नाही. दोन्ही खिसे मात्र दुहेरी टीप मारून बंद केले.