नळाचं पाणी

"बघा, तुम्हीच बघा डॉक्टर!" पुतण्याने दाराबाहेर उभं राहूनच हात लांबवला, आतल्या तिपाईवरून बोट फिरवलं आणि ते डॉक्टरीणबाईंच्या नाकापुढे धरलं. बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागली होती. "खोलीभर हेच. महिना झाला, मी या खोलीत पाय ठेवलेला नाही. लगेच खोकल्याची उबळ येते. पण काकूला काय त्याचं!"

काकू पलंगावर ताठ बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"माझं घर, माझं पाणी, माझी भुकटी," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. हसण्यासारखी वेळ नव्हती. सकाळी काकूंनीच फोन करून दोघांना बोलावलं होतं. फिरून आले तर हृदयाच्या गोळ्यांची डबी जागेवर नाही, म्हणाल्या. याआधी चष्मा तांदळाच्या डब्यात निघाला होता आणि कानाचं यंत्र चपलांच्या कपाटात. दर वेळी हा पुतण्याच हातातलं काम टाकून यायचा आणि हरवलेली वस्तू शोधून द्यायचा. शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घराची दुसरी किल्लीही त्याच्याचकडे असायची, न जाणो कधी काय वेळ येईल म्हणून. असा पुतण्या आजकाल मिळतो कुठे?

त्याने वृद्धाश्रमात जागाही बघून ठेवली होती. रिकामं घर तोच सांभाळणार होता. काकूंना एकटं ठेवण्यात अर्थ नाही, एवढं डॉक्टरांनी म्हणायचं बाकी होतं. डॉक्टरीणबाई इतके दिवस टाळत आल्या होत्या. पण चष्म्याची गोष्ट वेगळी आणि हृदयाच्या गोळ्यांची वेगळी. आज काय ते ठरवूनच जायचं, असं त्यांनी जिना चढतानाच मनाशी म्हटलं होतं.

"हवा कोरडी, नाकातून रक्त येतं, म्हणून ह्युमिडिफायर घ्यायला तुम्हीच सांगितलंत," पुतण्या म्हणाला. "मी हिला सगळं नीट समजावलं होतं." तो उजव्या हाताची बोटं उघडत मोजू लागला. "पहिला प्रकार वाफेचा. पाणी उकळतो, त्यामुळे जंतू मरतात, पण कलंडला तर भाजायची भीती. दुसरा वातीचा." दुसरं बोट म्हणजे मधलं. ते अर्धंच होतं, कॉलेजात असताना मोटरसायकलच्या चेनमध्ये गेलेलं, पण मोजायला पुरलं. "ओल्या वातीतून पंखा हवा ओढतो, क्षार वातीतच अडकतो. आपल्याकडच्या जड पाण्याला हाच बरा, असं तुम्हीही म्हणाला होतात. तिसरा अल्ट्रासॉनिक. हा पाणी थरथरवून गार धुकं उडवतो. त्याला शुद्ध पाणीच लागतं. नळाचं घातलं की सगळा क्षार धुक्याबरोबर उडतो आणि जिथे तिथे बसतो."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी वातीचं आणलं. ही बाई दुकानात जाऊन भांडली आणि बदलून हे अल्ट्रासॉनिक घेऊन आली! कपाटाशेजारी उंचावर ठेवलंय. शुद्ध पाण्याचे कॅन मी आणून देतो, ही ते झाडांना घालते. कामवालीला फडकं मारू देत नाही. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही."

"साठी उलटून जमाना झाला, राजा. तेव्हा बरी होती का बुद्धी?"

डॉक्टरीणबाई पलंगावर टेकल्या. "काकू, आज वार कोणता?"

"तुमच्या दवाखान्याला सुट्टी असते तो. तरी आलात, उपकार झाले."

"नळाचं पाणी घातल्यावर काय होतं, कळतं ना तुम्हाला?"

"कळतं की. म्हणूनच घालते."

"छातीत जाईल तुमच्या."

"कशी जाईल? मी संध्याकाळी बाल्कनीत बसते तेव्हा चालू करते. आत आले की बंद, आणि खिडक्या उघड्या."

"ऐकलंत?" पुतण्याने कपाळावर हात मारला. "माणूस बाहेर आणि ओलावा कपाटाला!"

डॉक्टरीणबाईंना मनापासून वाईट वाटलं. वार अचूक, बोलणं धारदार, आणि वागणं हे असं. उत्तरं पाठ असलेली माणसंसुद्धा गॅस चालू ठेवून विसरतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "तिथे सोबत असेल हो तुम्हाला."

"सोबत मला इथेही आहे. नको तितकी." काकूंनी काठी जमिनीवर आपटली. "या घरातून मी माझ्या पायांनी बाहेर पडेन, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून. तिसरा रस्ता मला कोणी दाखवायचा नाही. आधी माझी डबी शोधा."

"डबी कुठे जाणार!" पुतण्या म्हणाला. "कपाटावर बघू या. मागे टॉर्च तिथेच ठेवून विसरली होतीस. थांब, मी काढतो."

त्याने उंबरठ्यावर पाय ठेवला तोच काकूंनी काठी आडवी घातली.

"तू तिथेच थांब. तुला उबळ येईल. डॉक्टर काढतील."

"अगं, त्या कशाला?"

"म्हटलं ना, थांब!"

इतकं करणाऱ्या मुलाशी हे असं बोलणं. डॉक्टरीणबाईंचा निर्णय झाला. खाली उतरल्यावर त्याला होकार द्यायचा, काकू शिव्या घालतील त्या ऐकून घ्यायच्या. त्यांनी स्टूल ओढलं.

"सांभाळून चढा," काकू म्हणाल्या. "आणि डबीला हात लावायच्या आधी नीट बघा. माझ्या घरातली भुकटी कधी खोटं बोलत नाही."

डॉक्टरीणबाई स्टुलावर उभ्या राहिल्या. डबी होती, अगदी मागे, भिंतीला टेकलेली. कपाटाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा थर होता, आणि डबीच्या अलीकडे त्यात एक रुंद पंजा स्वच्छ उमटला होता. त्याचं मधलं बोट अर्धंच होतं.